भोक पाडायच्या आधी भिंत बघ

शहापूर, बेळगाव

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. खानापूरकडच्या घराची कौलं शेवटी परतून घेतलीस, बरं झालं. तिकडच्या पावसात आणखी एक वर्ष काढलं असतंस तर वासेच बदलावे लागले असते. आता कॉर्डलेस ड्रिल, म्हणजे बॅटरीवरचं भोक पाडायचं मशीन, कुठलं घेऊ म्हणतोस, तर आधी माझी फजिती ऐक आणि मग दुकानात जा.

मागच्या पावसाळ्यात मी हौसेनं मशीन आणलं. स्वयंपाकघरात आईच्या डब्यांसाठी फळी मारायची होती. भिंत जांभ्याची, म्हणजे लाल सच्छिद्र दगडाची, वर चुन्याचा गिलावा. मी आपलं मशीनवरचं कडं हातोडीच्या चित्रावर, म्हणजे ठोकत भोक पाडायच्या सोयीवर, फिरवलं आणि अंगाचा जोर दिला. बीट, म्हणजे पुढची भोक पाडायची सळी, 6 मिलीमीटरची, भोक झालं अंगठा जाईल एवढं! लाल भुकटी थेट तांदळाच्या उघड्या डब्यात. तरी हट्टानं भोकात स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला. तिसऱ्या दिवशी पहाटे फळी, डबे, मेतकूट सगळं जमिनीवर. आई काही बोलली नाही, नुसता झाडू हातात दिला.

उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेला माझा मावसभाऊ ते भोक बघून हसला. म्हणाला, "जांभा म्हणजे चाळण रे, त्याला ठोकायचं नाही, कुरतडायचं." हातोडीवर मशीनच्या आतल्या दोन दातेरी चकत्या एकमेकींवर आपटतात आणि बीट पुढेमागे धक्के देतं. पक्क्या विटेला ते चालतं, जांभ्याच्या कडा ढासळतात. तिथं हातोडी बंद, कार्बाइड टोकाचं बीट आणि हलका हात. माझं भोक तर वाया गेलंच होतं. त्यात सागाची वाळलेली खुंटी घट्ट ठोकली आणि स्क्रू तिच्यात घेतला. जुन्या घरांतून खुंट्या अशाच तर मारलेल्या असायच्या. फळी अजून आहे.

आणि तुझ्या नव्या न्हाणीघराचा स्लॅब, बीम असलं काँक्रीट असेल तर ह्या मशीनच्या नादी लागूच नको. नुसतं किंचाळतं, बीट लाल होतं. त्याला रोटरी हॅमर, म्हणजे जास्त जोरानं ठोकणारं मोठं ड्रिल, लागतो, तो एका दिवसापुरता भाड्यानं आण.

आता व्होल्टचं. दुकानदार 20 व्होल्टचं म्हणून छातीठोक सांगेल, शेजारी 18 लिहिलेलं असेल. दोन्ही एकच. बॅटरीच्या आत 3.6 व्होल्टचे 5 सेल, म्हणजे 18. पूर्ण चार्ज झाल्यावर चढलेला आकडा छापतात, एवढंच. तसंच 12 चं खरं म्हणजे 10.8 चं, 3 सेलचं. तुला पडदे, फळ्या, दाराच्या बिजागऱ्या एवढंच करायचं असेल तर 12 पुरे, वर हात करून धरताना मनगट भरून येत नाही. पण तुझी दारं फणसाची आणि भिंती ह्या अशा, म्हणून मी 18 म्हणेन. हातोडीची सोय असलेलं, शक्यतो ब्रशलेस, म्हणजे मोटरीत घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नसलेलं. बॅटऱ्या मात्र दोन घे. तुमच्याकडे पावसात वीज किती वेळ असते ते तुला मी सांगायला नको.

बीट पकडणाऱ्या चकजवळच्या कड्यावरचे आकडे बघून घाबरू नकोस. तो क्लच. स्क्रू मारताना लहान आकड्यापासून चढत जा. ठरलेला जोर झाला की कटकट वाजतं आणि मशीन आपणहून सोडून देतं. मी हे न बघता पितळी बिजागरीचे दोन स्क्रू मुंडी तोडून आत ठेवलेत, ते अजून दारात आहेत. जुन्या लाकडात आधी बारीक बीटनं वाट कर, स्क्रूला थोडा साबण लाव. भोकाची खोली कळायला बीटवर टेप गुंडाळ. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नकोस, वायर तिथूनच गेलेली असते.

या रविवारी मी माझं मशीन घेऊन येतो. आधी तुझ्या भिंतीत एक भोक पाडून बघू, मग खडेबाजारात जाऊ. गणपतीच्या आत फळ्या लागतील. तांदळाचे डबे तेवढे आधीच हलवून ठेव.

तुझा,
शहापूरचा अर्धा सुतार