चार्टर शाळेचा निकाल पटसंख्येसह छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील शाळांच्या निकालांविषयी मराठी वृत्तपत्रांत अलीकडे वरचेवर लिहिले जाते. तिकडे राहणारी अनेक मराठी कुटुंबे मुलांसाठी शाळा निवडताना हा मजकूर वाचतात, त्यामुळे तो आवश्यकच आहे. मात्र चार्टर शाळांचा विषय निघाला की एखाद्या लहान शाळेच्या उत्तीर्णांचा टक्का देऊन ती शाळा ‘उत्कृष्ट’ किंवा ‘अपयशी’ ठरवली जाते आणि तो टक्का किती मुलांवरून काढला आहे, हे कुठेच सांगितले जात नाही. लहान शाळेच्या बाबतीत निकाल आणि पटसंख्या एकमेकांपासून वेगळे काढून वाचताच येत नाहीत, म्हणून हे पत्र.

चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, विनाशुल्क शाळा असते. फरक इतकाच की ती ठराविक मुदतीच्या करारावर चालते आणि कराराचे नूतनीकरण मुख्यतः मुलांच्या प्रगतीवर ठरते. मिनेसोटा राज्याने असा पहिला कायदा 1991 मध्ये केला आणि 1992 मध्ये सेंट पॉल येथे पहिली शाळा सुरू झाली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी आपला कायदा केला. आज देशातील सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांपैकी सुमारे 7 टक्के मुले चार्टर शाळांत शिकतात. यांतल्या काही शाळा मोठ्या साखळ्यांचा भाग आहेत, पण शंभर-दीडशे मुलांच्या, एकट्याने उभ्या असलेल्या शाळाही पुष्कळ आहेत आणि माझे म्हणणे त्यांच्याविषयी आहे.

ज्या इयत्तेत वीसच मुले परीक्षेला बसतात, तिथे एका मुलाच्या गुणांनी निकाल पाच टक्क्यांनी हलतो. शाळेची खरी पातळी 50 टक्क्यांची आहे असे धरले, तरी पंचवीस मुलांच्या गटात केवळ योगायोगाने निकाल दहा टक्के वर किंवा दहा टक्के खाली जाणे ही सामान्य गोष्ट आहे. चारशे मुलांच्या गटात हीच हालचाल अडीच टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे मोठ्या शाळेचा निकाल दहा टक्क्यांनी घसरला तर तिथे काहीतरी घडले आहे हे निश्चित, आणि लहान शाळेचा तेवढाच घसरला तर कदाचित काहीही घडलेले नसते. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये उत्तर कॅरोलिनातील निकालांवरून हेच दाखवले होते: क्रमवारीच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला लहान शाळाच जास्त दिसतात. तरीही दरवर्षी वरच्या टोकाच्या शाळांचा गौरव होतो आणि खालच्या टोकाच्या शाळांतल्या शिक्षकांना मान खाली घालावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी मूल्यमापनाला ही अडचण ठाऊक आहे. तिथे शाळांचा दर्जा रंगांनी दाखवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर (डॅशबोर्डवर) तीसपेक्षा कमी मुलांच्या गटाला सहसा रंगच दिला जात नाही आणि अकरापेक्षा कमी मुले असतील तर आकडाही झाकला जातो. सरकार जिथे निष्कर्ष काढत नाही, तिथे वार्ताहराने तो काढावा, हे मला पटत नाही.

आता पटाकडे वळतो, कारण खरा गुंता तिथे आहे. कॅलिफोर्नियात शाळेला पैसा मिळतो तो मुलांच्या सरासरी दैनिक हजेरीवर. पट घसरत असलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे एका भागातील नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, मागील वर्षाचा किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरीचा आकडा धरता येतो, त्यामुळे धक्का हळूहळू बसतो; चार्टर शाळेला मात्र चालू वर्षाच्या हजेरीवरच अनुदान मिळते. एकशेवीस मुलांच्या शाळेतून बारा मुले गेली, तर ती एका वर्गातून जात नाहीत, प्रत्येक इयत्तेतून एक-दोन अशी जातात. एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही शिक्षक कमी करता येत नाही, इमारतीचे भाडे तेच राहते आणि उत्पन्न मात्र दहा टक्क्यांनी घटते. मग विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचा मदतनीस जातो, पुढच्या वर्षी दोन इयत्ता एका शिक्षकाकडे एकत्र बसवल्या जातात आणि अनुभवी शिक्षक स्थिर नोकरी पाहून दुसरीकडे निघून जातात. त्यानंतर जो निकाल घसरतो तो योगायोगाचा नसतो, आणि तो घसरला म्हणून आणखी पालक मुलांना काढून नेतात. अमेरिकेत 2007 नंतर जन्मदर उतरत आला आहे, तेव्हा हा प्रश्न येत्या काही वर्षांत अनेक लहान शाळांपुढे उभा राहणार आहे, त्या कितीही चांगल्या शिकवत असल्या तरी.

याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. समजा, चाळीस मुलांपैकी वीस उत्तीर्ण झाली, तर निकाल 50 टक्के. नापास झालेल्यांपैकी आठ मुले शाळा सोडून गेली आणि बाकी सारे तसेच राहिले, तर पुढचा निकाल 62.5 टक्के लागतो. कोणत्याही मुलाने एक अक्षर जास्त शिकलेले नसताना शाळा साडेबारा टक्क्यांनी ‘सुधारते’. मुलाने प्रवेश घेऊ नये किंवा शाळा सोडावी असे शाळेने सुचवणे कॅलिफोर्नियाच्या कायद्याने निषिद्ध ठरवले आहे, ते याच कारणासाठी. याउलट, जी शाळा वर्षाच्या मध्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर मागे पडलेल्या मुलाला आनंदाने सामावून घेते, तिचा टक्का खाली जातो. माझ्या मते ती शाळा अधिक आदरास पात्र आहे, पण क्रमवारीत तिला शिक्षाच होते.

संशोधनाचा आधार घ्यायचा तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राच्या 2009 च्या पाहणीत गणितात केवळ 17 टक्के चार्टर शाळा परिसरातील नेहमीच्या सरकारी शाळांहून सरस आढळल्या होत्या आणि 37 टक्के मागे होत्या. त्याच केंद्राच्या 2023 च्या अहवालात चार्टर शाळांतील मुले वाचनात वर्षाला सरासरी 16 दिवसांच्या आणि गणितात 6 दिवसांच्या अध्यापनाइतकी पुढे दिसली, पण पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळांतील मुले वाचनात 58 आणि गणितात 124 दिवसांनी मागे होती. इतका फरक असताना देशाच्या सरासरीवरून एका लहान शाळेविषयी काहीच सांगता येत नाही.

शाळा लहान आहे या नावाखाली वाईट शाळेला कायमचे अभय मिळावे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कृपया काढू नये. मुलाचे तिसरीचे वर्ष पुन्हा येत नाही. सलग तीन वर्षे एकत्र धरूनही, आणि त्याच मुलांची वर्षागणिक प्रगती पाहूनही शाळा मागेच असेल, तर ती बंद करण्याचा निर्णय घ्यायलाच हवा. कॅलिफोर्नियाच्या 2019 च्या कायद्याने नूतनीकरणासाठी दोन सलग वर्षांची कामगिरी पाहण्याची अट घातली, ती योग्य दिशा आहे. लहान शाळांसाठी मी तिथेही तीन वर्षे मागेन. बंद करण्याचा निर्णय मात्र हिवाळ्यातच व्हावा, म्हणजे इतर शाळांच्या प्रवेशाच्या सोडती होण्यापूर्वी पालकांना अर्ज करता येतील. ऐन उन्हाळ्यात मिळालेल्या सूचनेमुळे मुले मिळेल त्या शाळेत ढकलली जातात.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, चार्टर शाळेच्या निकालाची बातमी देताना टक्क्यांशेजारी परीक्षेला बसलेल्या मुलांची संख्या, मागील तीन वर्षांची सरासरी आणि वर्षाच्या सुरुवातीची व शेवटची पटसंख्या छापावी. निकाल आणि पटाची यांतली बरीचशी माहिती कॅलिफोर्नियाच्या शिक्षण विभागाकडून सर्वांना विनामूल्य मिळते. पालकांनीही शाळेला भेट देताना निकालाच्या तक्त्यासोबत हे जरूर विचारावे की गेल्या वर्षी किती मुले मधेच सोडून गेली, त्यांच्या जागी किती नवी मुले घेतली आणि शिक्षकांपैकी किती जण तीन वर्षांहून अधिक काळ त्याच शाळेत आहेत.

आपला,
एक वाचक व पालक,
कॅलिफोर्निया