वादळ आंध्राच्या किनाऱ्यावर, पूर आमच्या शिवारात

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ आलं की सगळ्यांचं लक्ष आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याकडे. समुद्र इतका लांब, म्हणून सोलापूरकर निर्धास्त असतो. पण १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ जमिनीवर आलेलं ते चक्रीवादळसुद्धा नव्हतं, कमी दाबाचं तीव्र क्षेत्र होतं. तेलंगण, कर्नाटक ओलांडून दुसऱ्याच दिवशी ते आमच्यावर कोसळलं. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा जीव गेले. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरतो, पाऊस मात्र आत शेकडो किलोमीटर येतो.

तोवर पावसाळा सरत आलेला असतो आणि भीमेवरचं उजनी धरण काठोकाठ. आलेलं पाणी साठवायला जागा नाही, मग ते सोडावंच लागतं. त्यात नरसिंगपूरला नीरा भीमेला मिळते, पंढरपूरला दोन्ही नद्यांचा लोंढा एकदम येतो. सीना नदीची तऱ्हा आणखी अवघड. धाराशिवकडच्या सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांतून सुटलेलं पाणी शेवटी आमच्याच काठाला. सप्टेंबर २०२५ मध्ये ते माढा-मोहोळच्या गावांत शिरलं, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. पीक गेलं ते गेलंच, कित्येक ठिकाणी काळी माती खरवडून खाली मुरूम उरला. ती माती पंचनाम्यात कशी भरून निघणार?

अशा वेळी मोबाइलवर संदेश येतो, ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ साहेब, नदीतली मोटार काढायची तर आधी लाइन बंद करावी लागते, पाइप सोडवावे लागतात, चार माणसं आणि दोर लागतो. रात्री अकराला संदेश आला तर माणूस मोटार बघणार, की दावणीची जनावरं सोडणार, की म्हाताऱ्या आईला उचलणार?

धरणं रिकामी ठेवा असं दुष्काळी जिल्ह्यातला शेतकरी कधीच म्हणणार नाही. पण आंध्राकडे वादळ येतंय हे हवामान खातं काही दिवस आधी सांगतं. त्याच दिवसापासून, दिवसाउजेडी, थोडं थोडं पाणी सोडायला सुरुवात करा. सोलापूर आणि धाराशिवच्या अधिकाऱ्यांनी विसर्ग एकत्र बसून ठरवावा. सोडलेल्या पाण्याचे नुसते क्युसेकमधले आकडे नकोत, पाणी कुठल्या गावाला किती वाजता पोहोचेल ते ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगा. तसा लेखी आदेश पुढच्या परतीच्या पावसाआधी काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी, जि. सोलापूर