पाठीमागच्या काचेतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात वाचकांच्या चित्रपटगृहांच्या आठवणी येतात. मी त्या कापून ठेवते. कोणता सिनेमा किती वेळा पाहिला, रांगेत किती तास काढले, शेजारी कोण बसलं होतं, हे सगळं मी आवडीने वाचते. पण या आठवणी पडद्याकडे तोंड करून बसलेल्या माणसांच्या आहेत. सगळ्यांच्या पाठीमागे, वरच्या भिंतीतल्या छोट्या काचेआड कोण उभं होतं, ते अजून एकाही पत्रात आलेलं नाही. तिथे माझे बाबा होते. ते ऑपरेटर होते, सिनेमाचं मशीन चालवणारे, एकतीस वर्षं.

लहानपणीचे सगळे सिनेमे मी केबिनमधून पाहिले. फिल्मच्या रिकाम्या पेटीवर उभं राहिलं की माझं नाक खिडकीपर्यंत पोचायचं. प्रत्येक मशीनसमोर भिंतीला दोन खिडक्या असत. एकीतून उजेड पडद्यावर जायचा, दुसरीतून बाबा बघायचे. वर लोखंडी झडपा टांगलेल्या होत्या, आग लागली तर आपोआप खाली पडणाऱ्या. पूर्वीची फिल्म नायट्रेटची असे आणि ती एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी जळत राहते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बनणं बंद झालं, झडपा मात्र राहिल्या. बाबा दर आठवड्याला त्या पाडून बघायचे.

आत मशीनची खडखड एवढी असायची की संवाद धड ऐकूच यायचे नाहीत. कोपऱ्यातला छोटा स्पीकर आपला बारीक आवाजात बोलत राही. दिव्याच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या. जळतील तसं त्यांच्यातलं अंतर वाढायचं आणि पडद्यावरचा उजेड उतरायचा. त्यामुळे काळ्या काचेतून ज्योतीवर नजर ठेवून त्या पुढे सरकवत राहावं लागे. हॉलमधल्या माणसांना यातलं काही कळू नये, हेच बाबांचं काम. लोक पाठी वळून काचेकडे बघायचे ते फिल्म तुटली की.

दोन हजार फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं. ते संपायच्या आत दुसऱ्या मशीनवर पुढचं लावून ठेवायचं. शेवट जवळ आला की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, फक्त चार फ्रेम, फिल्मवरची चार चित्रं, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटार सुरू करायची. पुढच्या सात-आठ सेकंदांत आणखी एक ठिपका येतो. त्या क्षणी इकडचा उजेड बंद, तिकडचा चालू. त्या सात-आठ सेकंदांत बाबांचा एक हात या मशीनवर आणि दुसरा त्या मशीनवर असायचा, आणि आम्ही कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही असा नियम होता.

पण फिरून फिरून आलेल्या प्रिंटची टोकं तुटलेली असत. तुटकी फिल्म जोडताना काही फ्रेम जायच्या, त्यांच्याबरोबर ठिपकेही जायचे. काही ठिकाणचे ऑपरेटर मग खिळ्याने फिल्मवर स्वतःची फुली कोरत. पडद्यावर ती केवढी मोठी दिसते! बाबांना ते मुळीच खपत नसे. फिल्मला ओरखडा काढायचा नाही म्हणून ते वही ठेवायचे. नवीन प्रिंट आली की खेळाआधी प्रत्येक रीळ हाताने गुंडाळत, बोटांनी कडा तपासत, आणि शेवटचं दृश्य वहीत लिहीत. ‘बाई दार लावते. पावलं. तीन मोजणे.’ ‘गाडी वळते, धूळ, लगेच.’ ‘म्हातारा हसतो, हसू पुरं होऊ देणे.’ ही शेवटची नोंद मला पाठ आहे.

अशा चार वह्या भरल्या. त्यातली एक माझ्याकडे उरली आहे.

दहा वर्षांची झाले तेव्हा बाबांनी मला पहिल्यांदा खाली हॉलमध्ये बसवलं. त्या दिवशी मला कळलं की सिनेमात माणसं एवढं बोलतात. आवाज थेट पडद्यातूनच येतो आहे असं वाटत होतं. नंतर बाबांनी पडद्याजवळ नेऊन त्यातली बारीक भोकं दाखवली. स्पीकर त्यांच्यामागे असतात. पण त्या खेळात मी निम्मा वेळ मान मागे वळवून उजेडाचा झोत बघत होते. त्यात धूळ तरंगत होती, आणि झोताच्या मुळाशी, काचेमागे, बाबांची सावली हलत होती. कोपऱ्यात ठिपका आला तसा मी श्वास धरला. शेजारच्या कुणालाच तो दिसला नाही.

जोडलेल्या फिल्मची एक गंमतही मला त्या दिवशी कळली. जोड आला की आधी चित्र उडी मारतं आणि सेकंद भरायच्या आत आवाज उडी मारतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्राचा आवाज त्याच्या शेजारी नसतो, सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण मशीनमध्ये आवाज वाचणारा भाग भिंगाच्या खाली असतो. बाबांनी हे घरी कागदाची पट्टी करून समजावलं होतं. मला ते शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा पक्कं लक्षात आहे.

पुढे सिनेमा हार्ड डिस्कवर यायला लागला. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. दोन्ही मशीन भंगारात काढल्याचं त्यांना कुणी कळवलं नाही, बाहेरून समजलं. ते तिथे पोचले तेव्हा भंगाराचं वजन चाललं होतं. त्यांनी एक सुटा भाग मागून आणला. चार खाचांचं पोलादी चाक, लिमलेटच्या गोळीपेक्षा थोडं मोठं. ते पाव फेरा फिरतं, एक फ्रेम पुढे सरकवतं आणि थांबतं, असं सेकंदाला २४ वेळा. बाबा म्हणाले, ‘सगळा सिनेमा याच्या थांबण्यात आहे.’ ते चाक आता माझ्या टेबलावर आहे. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली.

चित्रपट जपणाऱ्या संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९३८ सालापासून आहे. ब्रिटनमध्ये चित्रपटगृहांच्या इमारतींसाठी काम करणारी संस्था १९६७ सालापासून आहे. फिल्म जपली जाते, कुठे कुठे इमारतही जपली जाते. या दोहोंच्या मधे उभ्या असलेल्या माणसाचं मात्र काही उरत नाही. त्याच्या हातात होतं ते त्याच्याबरोबरच जातं.

माझी विनंती साधी आहे. आपल्या सदरात एकदा ऑपरेटरांना लिहायला सांगा. ज्यांना लिहिणं जमणार नाही त्यांच्याकडे वार्ताहर पाठवा. कार्बनवर काम केलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत, त्यामुळे हे या वर्षीच व्हायला हवं.

यात माझा एक स्वार्थही आहे. बाबांच्या वहीत काही खुणा आहेत, ज्यांचा अर्थ मला लागत नाही. रिळाच्या आकड्याखाली दोन आडव्या रेघा, कुठे एक गोल, कुठे गोलात टिंब. बाबा असताना विचारायचं राहून गेलं. गोल म्हणजे दिव्याबद्दलची सूचना असावी असा माझा अंदाज आहे, पण गोलात टिंब का? ही पद्धत त्यांची एकट्याची होती की ऑपरेटरांमध्ये चालत होती, हे त्या पिढीतलंच कुणीतरी सांगू शकेल. कुणी वाचक ओळखत असेल तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावं. मी वही घेऊन येईन.

आपली,
एका ऑपरेटरची मुलगी