फोरहँडचा चॉप शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, बॉल उचल" म्हणून विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

टेबल टेनिसमध्ये चॉप करणाऱ्याकडे, म्हणजे टेबलापासून मागे राहून बॉल वरून खाली कापत परतवणाऱ्याकडे, आपल्याकडे अजूनही जरा कीव करूनच बघतात. 'अटॅक जमत नाही वाटतं!' माझा बॅकहँड लाँग पिंपल्सवर (लांब दाण्यांच्या रबरावर) निभावून जायचा, पण फोरहँडवर जोरकस टॉपस्पिन (पुढच्या दिशेने फिरणारा बॉल) आला की बॉल नेटच्या हातभर वर उडायचा आणि समोरचा स्मॅशला टपलेलाच असायचा. फोरहँडलाही पिंपल्स लाव, असं बहुतेकांनी सुचवलं. तुम्ही एकट्यानेच नको म्हणालात, आणि का ते समजावलंत.

टॉपस्पिनचा बॉल येतो तेव्हा त्याची आपल्याकडची बाजू वरून खाली फिरत असते. चॉपही वरून खालीच. म्हणजे आपण ती फिरकी उलटवत नाही, तिच्याच दिशेने वाढवतो. बॅट फिरकीपेक्षा हळू चालली, तर गुळगुळीत रबरावरून बॉल वर चढणारच. हे कळल्यावर 'अलगद काप' म्हणणाऱ्यांचं ऐकणं मी बंद केलं.

मग उजवा पाय मागे, गुडघे वाकवलेले, बॅट कानाच्या उंचीला. बॉल उतरू द्यायचा, कमरेखाली आला की अंगाच्या बाजूला गाठायचा, वजन पुढच्या पायावर टाकायचं, आणि हात खाली जाता जाता पुढेही न्यायचा. या 'पुढे'साठी किती ओरडलात! लूप, म्हणजे टॉपस्पिनचा फटका, जड (जास्त फिरकीचा) असेल तर बॅट उभी आणि फटका कडक, हलका असेल तर बॅट थोडी उघडी.

जू से-ह्युकचे व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवलेत. 2003 मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत हा चॉपवाला कोरियन थेट अंतिम फेरीत पोचला, तिथे वेर्नर श्लागरकडून हरला. त्याचे फोरहँडचे हल्ले आले की तुम्ही व्हिडिओ पुढे ढकलायचात आणि फक्त पाय बघायला लावायचात. (मला हल्लेच बघायचे होते.)

खरे आभार मात्र तुमच्या लूपचे. स्वतः अटॅकर, त्यात खांदा दुखरा, तरी नोकरीवरून थेट हॉलवर येऊन माझ्या फोरहँडवर एकसारखे लूप मारत राहिलात. चॉपवाल्याला सराव द्यायला सहसा कोणी तयार नसतं. डिफेन्सिव्ह खेळणाऱ्या कोणालाही विचारा.

आता चॉप नेटलगत जातो, तर समोरचे ड्रॉप, म्हणजे नेटजवळ आखूड बॉल, टाकायला लागलेत. मी मागून धावत येईपर्यंत दुसरा टप्पा पडलेला असतो. रविवारी त्याचं काहीतरी बघू या. बॉल द्यायला मी दुसरं कोणी शोधतो, तुम्ही खुर्चीत बसून ओरडा.

तुमचा,
हॉलमधला एकुलता एक चॉपवाला