मुलांकडे कायमचे परदेशी निघालेल्या सभासदांसाठी

सभासदहो, सामान बांधण्याआधी बँकेत जाऊन या. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शन त्यात जमा होते. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवून मिळत नाही.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी दुखण्याखुपण्याचं नीट बघावं. तिथे कधी नोकरी न केलेल्या ग्रीन कार्डवाल्या आईवडिलांना सलग ५ वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे तिथला वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, विकतही घेता येत नाही. तोवर खासगी विमा, आणि तो चांगलाच महाग! दातांची कामं इथेच उरकलेली बरी.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला तिथल्या भारतीय वकिलातीतूनही मिळतो. इथलं सिम मात्र बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

घराचं मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करा.

– सचिव