निर्लेखनाच्या कागदावर सही करायच्या आधी स्क्रीनवरची ओळ वाचा

मा. संपादक,

नमस्कार. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या लॅबमधल्या चांगल्या चालत्या मशीन निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या यादीत जायला लागल्या, म्हणून हे पत्र. मी एका तालुक्याच्या कॉलेजात लॅब असिस्टंट आहे.

लॅबमध्ये ३२ मशीन. एकेकीला पेनड्राइव्ह लावत बसलं तर आठवडा जाणार, म्हणून एका जुन्या पीसीला सर्व्हर केलं, त्यावर डेबियन (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टीम) ठेवलं, म्हणजे बाकीच्या मशीन नेटवर्कवरून बूट होणार, प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) वाचणार आणि आपोआप इन्स्टॉल होणार, कीबोर्डला हातपण लावायला नको. पहिल्या दिवशी ९ झाल्या, २३ अडकल्या. मेंटेनन्सवाला आला, दोन मशीन चालू करून बघितल्या आणि म्हणाला लॅन कार्ड गेलीत, मशीन जुन्या झाल्या, नवीनच घ्या. दुसऱ्या दिवशी कोटेशन टेबलावर.

अहो, २३ कार्डं एका दिवसात कशी जातील? मी संध्याकाळी थांबलो आणि एकेक मशीन चालू करून शेवटची ओळ काय येते ते वहीत उतरवून घेतलं.

१२ मशीनवर पीएक्सई-ई५३ हा नेटवर्क बूटचा एरर होता, म्हणजे बूट फाइलचं नावच मिळालं नाही. पण याचा अर्थ डीएचसीपीचं, म्हणजे मशीनला नेटवर्कचा ॲड्रेस वाटणाऱ्या सर्व्हिसचं, उत्तर मशीनपर्यंत पोचलंय, मग कार्ड गेलं कसं म्हणायचं? सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावून बघितलं तर ॲड्रेसच्या ऑफर दोन ठिकाणाहून येत होत्या, एक आमची आणि एक १९२.१६८.०.१ वरून. वायर धरत धरत गेलो तर स्टाफरूमच्या कपाटामागे वायफायचा राउटर, कोणीतरी केबल त्याच्या लॅन पोर्टात घातलेली, त्यामुळे तोही सगळ्या नेटवर्कला ॲड्रेस वाटत बसलेला. केबल काढली, १२ च्या १२ बूट झाल्या.

मागच्या रांगेतल्या ८ चं वेगळंच. त्या बूट व्हायच्या, इन्स्टॉलर यायचा आणि मग तोच म्हणायचा नेटवर्क सापडत नाही, आणि हाताने रिट्राय दाबलं की लगेच सापडायचं! हे दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण हे स्विचचं, म्हणजे मशीनच्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्याचं काम. त्या रांगेच्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलचा फेरा होऊ नये म्हणून पोर्ट तपासणारी सोय) चालू होता, इन्स्टॉलरने कार्ड ताब्यात घेतलं की लिंक एकदा पडून उठते आणि स्विच तो पोर्ट ३० सेकंद अडवून धरतो, इन्स्टॉलर काही तेवढा थांबत नाही. मशीनच्या पोर्टांना पोर्टफास्ट (न थांबता पोर्ट लगेच चालू करणारं सेटिंग) लावलं, संपलं.

उरलेल्या ३ चे मदरबोर्डवरचे सेल मेलेले. तारीख कितीतरी वर्षं मागे, त्यामुळे डेबियनच्या पॅकेज यादीवरची डिजिटल सही भविष्यातली वाटायची आणि इन्स्टॉल तिथेच थांबायचं. सीआर२०३२ सेल, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो.

म्हणजे २३ पैकी एकाही मशीनचं लॅन कार्ड गेलं नव्हतं. त्या कोटेशनवर सही झाली असती तर पुढच्या वर्षी पोरं प्रॅक्टिकलला कशावर बसली असती याचा विचार करून अजून राग येतो.

ज्यांना हे करायचंय त्यांना एक कळकळीने सांगतो, बूट मेन्यूत आपोआप निवडला जाणारा पर्याय हार्ड डिस्कचाच ठेवा, इन्स्टॉलचा नको. नाहीतर ऑफिसमधलं एखादं मशीन चुकून नेटवर्कवरून बूट झालं तर प्रीसीड काही न विचारता डिस्क पुसतं, त्यात फीचा हिशोब असो नाहीतर निकाल.

आणि निर्लेखन समित्यांना विनंती आहे की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये 'नादुरुस्त' एवढंच लिहून घेऊ नका, मशीन कुठल्या टप्प्यावर थांबलं आणि स्क्रीनवर नेमकं काय आलं यासाठी एक रकाना ठेवा, आणि तो कोटेशन देणाऱ्याने नाही तर लॅबमधल्या माणसाने भरावा.

आपला,
एक लॅब असिस्टंट