अंतराळ स्थानकातही गुरुत्वाकर्षण आहे

रविवारच्या पुरवणीतील अंतराळ स्थानकावरील लेखात ‘तेथे गुरुत्वाकर्षण नसल्याने अंतराळवीर तरंगतात’ असे विधान आहे. ते दुरुस्त व्हायला हवे. हे स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. ती नसती तर स्थानक सरळ रेषेत कधीच दूर निघून गेले असते. अंतराळवीर तरंगतात, कारण ते स्थानकासह सतत पडत असतात. ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगामुळे जमिनीवर मात्र येत नाहीत.

वर्गात शिकवताना मी तळाशी भोक पाडलेली पाण्याची बाटली गच्चीवरून सोडत असे. हातात असेपर्यंत धार लागलेली असते. बाटली सुटली की धार थांबते, कारण पाणी आणि बाटली बरोबरच पडतात. मुले ती पुन्हा पुन्हा भरून आणत.

गुरुत्वाकर्षणातून सुटलेली एकही गोष्ट आजवर सापडलेली नाही. ज्याला वस्तुमान नाही तो प्रकाशसुद्धा वाकतो. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्यालगतच्या ताऱ्यांच्या जागा सरकलेल्या दिसल्या, त्या आइनस्टाइन यांच्या भाकिताशी जुळणाऱ्या होत्या.

‘पेपरात छापून आलंय, सर’ असे मुले ठामपणे सांगतात, तेव्हा समजूत काढणे फार जड जाते. म्हणून पुढील पुरवणीत खुलासा छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा